घराचं नुकसान करणारे पक्षी: ठाणे आणि नवी मुंबईतल्या रहिवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नक्की कोणता पक्षी घाण करतोय, हे कसं ओळखायचं?

आधी हेच ओळखा, कारण जाळीचं भोक आणि काम कधी करायचं हे दोन्ही त्यावर ठरतं. छज्जावर किंवा एसीच्या मागे पांढरी-हिरवट विष्ठेची रास आणि त्यात मोजून दहा-बारा काटक्या असतील, तर ते कबुतर, म्हणजे आपला पारवा. त्याचं घरटं इतकं गबाळं असतं की ते अर्धवट राहिलंय असंच वाटतं. एसीच्या पाइपाच्या भोकातून गवत, कापूस, प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे लोंबत असतील तर साळुंकी किंवा चिमणी. बाइंडिंग वायर, कपड्यांचे हँगर आणि वायरींचे तुकडे असलेलं घरटं कावळ्याचं. डक्टमधून (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून) रात्री फुसफुस आणि चिरका आवाज येत असेल आणि खाली उंदरांची हाडं-केस असलेले काळपट गोळे पडत असतील, तर तिथे गव्हाणी घुबड राहतंय. पाइपावरचा काळा फोम कुरतडून लचके तोडल्यासारखा दिसला तर बहुतेक वेळा पोपट, कधी कावळा.

ठाणे-नवी मुंबईत येणाऱ्या तक्रारींत कबुतरांच्या सर्वांत जास्त असतात, म्हणून खाली त्यांना जागाही जास्त दिली आहे.

कबुतरं आमच्याच गॅलरीत का येतात? शेजाऱ्यांकडे तर एकही नाही.

पारवा मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी. त्याला झाड नको, सपाट कपार हवी. आपल्या इमारतींत छज्जे, फ्लॉवर बेड, एसीचे कट्टे, ड्राय बाल्कनी आणि डक्ट अशा कपारी मजल्यागणिक आहेत. त्यातून तो निवडतो ती तीन गोष्टी असलेली जागा: वरून आडोसा, मागे भिंत आणि दिवसभर माणसांची वर्दळ नाही. बंद फ्लॅट आणि दोघंही नोकरी करणाऱ्यांची गॅलरी हमखास सापडते ती यामुळेच. शेजाऱ्यांच्या गॅलरीत कपडे वाळत असतात आणि मुलं खेळतात, एवढाच फरक असू शकतो.

शिवाय एकदा तिथे पिलं वाढली की ती जोडी तीच जागा धरून बसते. एका खेपेला दोन अंडी घालते, ती १७ ते १९ दिवसांत उबतात आणि पिलं साधारण महिन्याभरात उडतात. पहिली पिलं घरट्यात असतानाच मादी शेजारी दुसरी अंडी घालू शकते, आणि आपल्याकडच्या हवेत हे चक्र वर्षभर चालतं. एक जोडी दिसली की आठवडाभरात हालचाल करा म्हणतात ते याचसाठी.

अंडी किंवा पिलं असतील तर घरटं काढता येतं का?

नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणंही येतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा वेगळा आहेच. पक्षी कोणत्या अनुसूचीत येतो यावर वाद घालत बसण्यापेक्षा सरळ नियम पाळा: अंडी घातली गेली की हात लावायचा नाही.

व्यवहारातही घाईने नुकसानच होतं. पिलं आत असताना जाळी बसवली की आई-बाप जाळीवर धडका देतात, पिलं आत मरतात, आठवड्याने वास सुटतो आणि किडे-गोचिड्या घरात शिरतात. कबुतरांच्या बाबतीत अंडी दिसल्यापासून साधारण ७ आठवडे धरा. तोवर खाली जुनी चटई किंवा जाड प्लास्टिक घाला आणि आठवड्याला बदला. पिलं उडाली की त्याच दिवशी काटक्या काढा, जागा धुवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बंद करा. मध्ये आठवडा गेला तर पुढची अंडी आलीच म्हणून समजा.

अंडी नसलेल्या काटक्या मात्र रोजच्या रोज काढा. एक दिवस काढून दोन दिवस विसरलात तर उपयोग नाही; जोडी चिकाटीची असते.

पक्ष्यानुसार किती थांबावं लागतं?

चिमणीचं साधारण महिनाभरात आटोपतं (उबवणी १२-१३ दिवस, पिलं उडायला दोन आठवडे). साळुंकीला सव्वा ते दीड महिना. कावळ्याचं घरटं उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत असतं आणि त्याच घरट्यात कोकिळेचंही पिलू वाढत असू शकतं, म्हणून जुलैअखेरपर्यंत हात लावू नये. पोपट जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत भोकं शोधत फिरतात. सर्वांत जास्त वेळ घुबड घेतं: महिनाभर उबवणी आणि त्यावर जवळजवळ दोन महिने पिलांचे.

जाळी कोणती घ्यावी? जाळीवाला "नायलॉन" म्हणतो, दुकानदार "एचडीपीई" म्हणतो.

उन्हात टिकणारी म्हणजे यूव्ही स्थिरीकरण केलेली एचडीपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) जाळी घ्या. साधं नायलॉन सुरुवातीला मऊ आणि स्वस्त वाटतं, पण पश्चिमेच्या उन्हात त्याचा धागा कडक होऊन तुटायला लागतो. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांत पश्चिमेकडच्या फ्लॅटची जाळी पूर्वेकडच्यापेक्षा आधी का जाते, त्याचं कारण हेच.

भोकाचं माप असं: कबुतरांसाठी ५० मिमी (दोन इंच), साळुंकीसाठी २८ मिमी, चिमणीसाठी १९ मिमी. कबुतरांसाठी चिमणीची जाळी लावू नका. वारा आणि धूळ जास्त अडते, जाळी लवकर सैल पडते आणि प्रकाशही कमी होतो. पोपटाचा उपद्रव असेल तर कुठलीच दोऱ्याची जाळी टिकणार नाही, चोचीने तो ती कापतो. तिथे वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली तारेची जाळी लावायची. डक्टमध्ये उंदीर-घुशी असतील तिथेही वेल्डमेशच.

नवी मुंबईत खाडीलगत, म्हणजे पाम बीच रोड, सीवूड्स, नेरुळ, वाशीच्या खाडीकडच्या बाजूला हुक आणि तार स्टेनलेस स्टीलचीच घ्या, शक्य असेल तर ३१६ ग्रेडची. जीआयचे, म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाचे, हुक खारट हवेत एक-दोन पावसाळ्यांत गंजतात, भिंतीवर तांबडे ओघळ येतात आणि जाळी धड असूनही हुकासकट सुटून येते. ठाण्यात खाडीपासून लांब, येऊरच्या पायथ्याला वगैरे, ३०४ ग्रेड पुरतो.

दहा फूट रुंद आणि सात फूट उंच गॅलरीला सामान किती लागेल?

परिघ ३४ फूट. दर फुटाला एक हुक धरला तर ३४ हुक. कोपऱ्यांत जाड आयबोल्ट (डोक्याला कडी असलेले बोल्ट) लावा, ते ४. कडेची तार २ मिमी जाडीची, ३४ फूट अधिक गाठी-वळणांचं जादा, म्हणजे ४० फूट. तार ताणायला दोन टर्नबकल. जाळी प्रत्येक बाजूने अर्धा फूट जादा धरून ११ × ८ फूट, म्हणजे ८८ चौरस फूट. जाळी तारेला जोडायला हॉग रिंग, म्हणजे दाबून बंद करायच्या छोट्या कड्या. त्या नसतील तर काळ्या यूव्ही झिप टाय. पांढऱ्या झिप टाय उन्हात ठिसूळ होतात.

भोकं ६ मिमी ड्रिलने, किमान ३५ मिमी खोल, आत प्लास्टिकची गिट्टी आणि मग हुक. बाहेरच्या कडेपासून निदान दोन इंच आत ड्रिल करा, नाहीतर प्लास्टरची कड खपली होऊन पडेल आणि खालून कोणी जात असेल तर प्रकरण महागात पडेल. क्रम असा: आधी हुक, मग तार ओवून टर्नबकलने ताण, मग जाळी वरच्या बाजूने अडकवत खाली. जाळी तारेला दर दोन-अडीच इंचांवर जोडलेली हवी.

बहुतेक कामं फसतात ती तार वगळल्यामुळे. जाळीवाला वेळ वाचवायला जाळी थेट हुकांना अडकवतो. दोन हुकांच्या मध्ये जाळीला झोळ पडतो, कबुतर तिथून डोकं घालून आत येतं आणि मग बाहेर पडता येत नाही म्हणून गॅलरीत फडफडतं. कामाचा भाव ठरवताना "तार आणि टर्नबकलसकट" हे शब्द कोटेशनमध्ये लिहून घ्या.

काम झाल्यावर स्वतः तपासा: जाळीच्या मध्यावर हाताने दाबा. तळहाताइतकी आत गेली तर ती सैल आहे, पैसे देण्याआधी ताणून घ्या.

खिडकीला बाहेर काढलेली लोखंडी ग्रिल आहे. जाळी आतून लावायची की बाहेरून?

आतून, म्हणजे खिडकीच्या चौकटीला, लावली की कबुतरं ग्रिलच्या तळावर आणि वरच्या पत्र्यावर बसत राहतात, घाण मात्र खालच्या मजल्यावर जाते. भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात. ग्रिलच्या तिन्ही बाजूंना आणि तळालाही आतल्या अंगाने जाळी ताणून बांधली, तर तळावर बसायला जागाच राहत नाही. ग्रिलच्या आतून हात पोचतो, त्यामुळे बाहेर लोंबकळायची गरज नाही. वरचा पत्रा सपाट असेल तर त्यावर ६० अंशांच्या जवळपास उतार येईल असा दुसरा पत्रा रिव्हेट करा. एवढ्या उतारावर कबुतराचे पाय ठरत नाहीत. तीस-चाळीस अंशांवर ते आरामात बसतं.

आणि ग्रिलमध्ये आपत्कालीन दार असेल तर ते जाळीने कायमचं बंद करू नका. त्या भागाची जाळी वेगळी कापून वेगळी बांधा, म्हणजे एका ओढीत निघेल.

बाराव्या मजल्यावर बाहेरचा छज्जा बंद करायचाय. माणूस दोरीवर सोडावा का?

हार्नेस, दोन स्वतंत्र दोर आणि गच्चीवर भक्कम आधार असलेली दोरीकामाची टोळी असेल तरच. कंबरेला नायलॉनचा एक दोर बांधून छज्जावर उतरणारा माणूस कितीही "रोजचं काम आहे" म्हणाला तरी नको. सोसायटीला लेखी कळवा, कामगारांचा विमा आहे का विचारा आणि खाली पार्किंगमध्ये दोरी बांधून जागा मोकळी ठेवा. एकाच बाजूच्या पाच-सहा फ्लॅटधारकांनी मिळून काम काढलं तर खर्चही परवडतो आणि कबुतरं एका छज्जावरून उठून शेजारच्या छज्जावर जात नाहीत.

काटे लावले तरी कबुतरं त्यावर घरटं करतात. असं कसं?

काट्यांच्या पट्ट्या अरुंद जागेसाठी आहेत: पॅरापेटची (गच्चीच्या कठड्याची) कड, पाइप, बोर्डाचा वरचा काठ. रुंद छज्जावर एकच पट्टी लावली तर मागे मोकळी जागा राहते आणि पुढचे काटे उलट आडोसा देतात. पुढची पट्टी काठाच्या किंचित बाहेर डोकावेल अशी आणि पट्टी व भिंतीमध्ये दोन इंचांपेक्षा जास्त मोकळी जागा राहणार नाही असं बसवा. फुटभर रुंद छज्जाला तीन ओळी तरी लागतात. तेवढ्या खर्चात जाळी होते.

काटे प्लास्टिकचे नकोत. स्टीलचे काटे आणि पॉलिकार्बोनेटचा तळ घ्या. पृष्ठभाग धुऊन, वाळवून, सुटलेला रंग खरवडून मग सिलिकॉन लावा. रंगाच्या खपल्यांवर चिकटवलेली पट्टी पहिल्या वादळी पावसात खाली येते.

अल्ट्रासोनिक यंत्र, प्लास्टिकचं घुबड, सीडी, डांबरगोळ्या, चिकट जेल?

अल्ट्रासोनिक: माणसाला ऐकू येत नाही असा वरचा स्वर कबुतरालाही ऐकू येत नाही. पैसे वाया.

प्लास्टिकचं घुबड आणि सीडी: काही दिवस चालतात. न हलणाऱ्या घुबडाच्या डोक्यावर बसलेलं कबुतर कळंबोलीपासून कळव्यापर्यंत कुठेही पाहायला मिळेल. काम होईपर्यंत चार दिवस काढायचे असतील तर चमकणारी पट्टी लावा, तिच्यावर विसंबू नका.

डांबरगोळ्या उघड्या हवेत निष्प्रभ, बंद गॅलरीत तुमच्याच फुप्फुसांना त्रासदायक. आणि लहान मूल घरात असेल तर सरळ धोका. चिकट जेल एप्रिल-मेच्या उन्हात पातळ होतं, त्यावर धूळ बसते आणि चिमणी, शिंजीर यांसारखे छोटे पक्षी त्यात चिकटून मरतात. विषारी दाणे हा गुन्हा आहे, आणि ते खाऊन मेलेलं कबुतर घार किंवा सोसायटीतलं मांजर खातं.

एसीचं बाहेरचं युनिट कसं वाचवायचं?

नुकसान तीन प्रकारचं. पिसं आणि काटक्या कॉइलच्या पापुद्र्यांत अडकून हवा अडते, एसी थंड करत नाही आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. विष्ठेतल्या युरिक आम्लाने स्टँड, स्क्रू आणि कॉइल गंजतात. खाडीच्या हवेत ते आणखी वेगाने होतं. तिसरं म्हणजे तांब्याच्या पाइपावरचं फोमचं आवरण फाडलं जातं, मग पाइपावर दव जमून पाणी भिंतीत मुरतं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातली ओल म्हणून जे रंगारी दोन वेळा रंगवून जातो, त्याचं मूळ कित्येकदा इथे असतं.

उपाय: युनिटच्या मागे भिंतीपाशी कंपनीने सांगितलेलं अंतर मोकळं ठेवूनच संपूर्ण कट्ट्याला जाळी करा; युनिटला चिकटून जाळी गुंडाळू नका. ५० मिमीची जाळी हवा अडवत नाही, बारीक मच्छरजाळी अडवते. सर्व्हिसवाल्यासाठी एक बाजू हुकांवरून निघेल अशी ठेवा, नाहीतर तो पहिल्याच वेळी ती कापेल. पाइपावर नवा फोम घालून वरून पीव्हीसी टेप नव्हे, तर अॅल्युमिनियम पत्र्याची किंवा पीव्हीसी केसिंगची नळी चढवा. भिंतीतलं पाइपाचं भोक सिमेंट किंवा पुट्टीने भरा. साळुंकी आणि पोपट शोधत असतात ते नेमकं हेच भोक. खिडकी एसी काढून स्प्लिट बसवला असेल तर जुन्या चौकटीला प्लायवूड मारून सोडू नका. पावसात ते फुगून सुटतं. विटा लावून बंद करा.

डक्टमधली कबुतरं?

डक्ट ही सोसायटीची सामाईक जागा, म्हणून एकट्याने जाळी मारू नका. प्लंबरला खाली-वर जाता आलं पाहिजे. नुसतं गच्चीवरून तोंड झाकून भागत नाही. डक्टला मजल्यामजल्यावर बाजूची तोंडं असतात, बाथरूमच्या तुटलेल्या जाळ्या असतात. वरचं तोंड, तळमजल्याचं तोंड आणि बाजूच्या फटी असं एकाच आठवड्यात बंद करा. बंद करण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि सकाळी टॉर्चने मजल्यागणिक पाहा. झोपायला आलेले पक्षी आणि घरटी तेव्हाच दिसतात. वरच्या जाळीत माणूस जाईल एवढी चेन, म्हणजे जाळीला शिवता येणारी झिप, बसवून घ्या.

साचलेली विष्ठा कशी साफ करायची?

कोरडी कधीच झाडू नका. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून गेल्याने काही लोकांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा फुप्फुसांचा आजार होतो, आणि तो दीर्घकाळ चालू राहिला तर फुप्फुसांचं कायमचं नुकसान करतो. क्रिप्टोकोकस ही बुरशीही या विष्ठेत वाढते. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून जो वाद उच्च न्यायालयात गेला, त्याच्या मुळाशी हाच आरोग्याचा प्रश्न होता. दमा असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे काम करू नये, आणि कामवाल्या मावशींनाही मास्कशिवाय करायला लावू नये.

घरातल्या खिडक्या, पंखा, एसी बंद. एन९५ मास्क (कापडी चालत नाही), रबरी हातमोजे, चष्मा. स्प्रेने किंवा झारीने पाणी मारून दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या. ओली रास पत्र्याच्या तुकड्याने किंवा खुरप्याने खरवडून जाड पिशवीत घाला, ती दुसऱ्या पिशवीत बांधा. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण जागेवर ओतून दहा मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. अॅल्युमिनियमच्या स्लाइडिंगवर आणि एसीच्या कॉइलवर ब्लीच नको, साबणाचं पाणी पुरे. संगमरवरावरही ब्लीच किंवा अॅसिड नको, चमक जाते.

ब्लीच आणि टॉयलेटचं अॅसिड एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद गॅलरीत माणूस बेशुद्ध पडू शकतो. व्हॅक्युम क्लीनरही नको, तो धूळ मागून बाहेर फेकतो. धुण्याआधी खालच्या मजल्यावर सांगा. पाणी कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं तर कबुतरांचा प्रश्न बाजूला राहतो.

घरटं काढल्यावर अंगाला खाज येते, बारीक किडे दिसतात. ढेकूण आहेत का?

बहुधा पक्ष्यांवरच्या गोचिड्या किंवा माइट. पक्षी गेले की त्या उपाशी राहतात आणि खिडकीच्या फटीतून आत येतात. गाद्यांवर फवारणी करून काही साधत नाही. मूळ जागा, म्हणजे घरट्याची रास, काढा, धुवा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याकडून तेवढीच जागा आणि खिडकीची चौकट फवारून घ्या.

इमारतीच्या भिंतीतून पिंपळ उगवतोय. त्याचा पक्ष्यांशी काय संबंध?

पूर्ण संबंध. साळुंकी, बुलबुल, कोकीळ, तांबट ही मंडळी पिंपळ, वड, उंबराची फळं खातात आणि बी विष्ठेतून पॅरापेटच्या भेगेत टाकतात. पावसाळ्यात रोप धरतं आणि मुळं प्लास्टर उचलून सळईपर्यंत पाणी नेतात. कबुतरांच्या घाणीपेक्षा इमारतीला हे जास्त महाग पडतं आणि याकडे लक्ष सर्वांत कमी जातं.

बोटभर रोप पावसाळ्यात ओल्या भिंतीतून मुळासकट उपटता येतं. खोड पेन्सिलीएवढं झालं की नुसतं छाटू नका. छाटलेल्या बुंध्याला दुप्पट फांद्या फुटतात. बुंधा भिंतीलगत कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक ब्रशने लावावं लागतं, ते काम पेस्ट कंट्रोलवाल्याकडून करून घ्या. मूळ वाळल्यावर भेग उघडून, सळई साफ करून, पॉलिमर मॉर्टारने भरा. दिवाळीनंतर गच्चीवरून आणि डक्टमधून एक फेरी मारली तर रोपं लहान असतानाच सापडतात.

रो-हाउसच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि सोलर पॅनलखाली कबुतरं शिरतात.

सिडकोच्या जुन्या रो-हाउसवर पावसाळी शेड टाकताना पत्र्याच्या नागमोडी आणि भिंतीमधल्या फटी तशाच सोडतात. नागमोडीच्या आकाराचा फोम-फिलर घाला किंवा अर्ध्या इंचाची वेल्डमेश वाकवून स्क्रूने बसवा. चिमण्या आत असतील तर आधी वर दिलेले दिवस मोजा.

सोलर पॅनलच्या चारही बाजूंनी, पॅनलची कड ते स्लॅब, पीव्हीसी लेपाची वेल्डमेश लावा. पॅनलच्या फ्रेमला भोक पाडू नका, वॉरंटी जाऊ शकते. फ्रेमला चिमटणारे क्लिप मिळतात. जाळी खाली स्लॅबला टेकू द्या पण पाणी वाहायची वाट अडवू नका.

गच्चीवर असतानाच पावसाळी पाण्याच्या तोंडांवरच्या घुमटाकार जाळ्या पाहून घ्या. मेच्या अखेरीस त्यात पिसं आणि काटक्या असतील तर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गच्चीवर तळं साचतं आणि वरच्या मजल्याचं छत गळतं. पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपालाही जाळी हवी. टाकीत मेलेलं कबुतर सापडतं ते तिथूनच गेलेलं असतं.

कावळा डोक्यावर चोच मारतो. घार गच्चीवर झेप घेते.

जवळ घरटं आहे, पिलं उडेपर्यंतच हे चालतं, साधारण दोन-तीन आठवडे. छत्री धरून जा किंवा वाट बदला. घरट्याची फांदी तोडण्यासाठी महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि घरट्यात पिलं असताना ती मागूही नये. वीजवाहिनीवर किंवा ट्रान्सफॉर्मरवर कावळ्याचं तारांचं घरटं दिसलं तर काठी घालू नका, महावितरणला कळवा.

एक पक्षी दिवसभर खिडकीच्या काचेवर चोच मारतो.

दयाळ, बुलबुल किंवा शिंजीर असणार. काचेतलं प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी वाटतं. आतून पडदा लावून काही होत नाही, उलट प्रतिबिंब गडद होतं. काच बाहेरून वर्तमानपत्राने किंवा साबणाच्या फेसाने दोन आठवडे झाका. गाडीच्या आरशाला जुना मोजा चढवा.

डक्टमध्ये घुबड आहे. घरात अशुभ होईल का?

होणार काही असेल तर उंदरांचं. गव्हाणी घुबड रोज रात्री उंदीर मारतं आणि सोसायटीचा पेस्ट कंट्रोलचा खर्च वाचवतं. पिलं मोठी झाली की कुटुंब आपोआप हलतं. तोवर टॉर्च, फ्लॅश आणि बघ्यांना लांब ठेवा. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकताना इमारतीचं नाव लिहू नका. दिवाळीच्या आसपास घुबडांची चोरटी विक्री होते.

शेजारचे काका रोज गॅलरीतून दाणे टाकतात.

जाळ्या कितीही लावा, रोजचं जेवण चालू असेपर्यंत कबुतरं हटत नाहीत. पण पहिल्याच दिवशी तक्रार केलीत तर माणूस हट्टाला पेटतो. आधी घरी जाऊन त्यांच्या गॅलरीखालच्या छज्जाचा फोटो दाखवा आणि ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे त्यांना सोबत घ्या. पुण्याचं काम म्हणून करत असतील तर गोरक्षण संस्थेला चारा किंवा चिमण्यांची घरटी हा पर्याय सुचवा. नाही ऐकलं तर सोसायटीच्या कमिटीकडे लेखी अर्ज, सर्वसाधारण सभेत ठराव आणि त्याची प्रत जोडून महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात तक्रार, या क्रमाने जा.

चिमण्या हव्यात, कबुतरं नकोत. जमेल?

जमतं. लाकडी पेटीला ३२ मिमी व्यासाचं गोल भोक ठेवा. त्यातून साळुंकीही शिरत नाही. जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, दुपारचं ऊन लागणार नाही अशा भिंतीवर, भोकाखाली बसायची काडी न लावता टांगा. कबुतरांच्या जाळीच्या आत टांगलीत तरी चालेल. ५० मिमीच्या भोकातून चिमणी ये-जा करते.

जाळीत पक्षी अडकला किंवा जखमी पक्षी सापडला तर?

जाड टॉवेल डोक्यावरून टाका, अंधार झाला की पक्षी शांत होतो. पंख ओढून सोडवू नका, दोरा कात्रीने कापा. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. पाणी पाजू नका, दूध तर मुळीच नाही. मकरसंक्रांतीच्या दिवसांत मांजाने कापलेले पक्षी सापडतात, त्यांच्या पंखात रुतलेला मांजा घरी काढायचा प्रयत्न करू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

मेलेले कावळे किंवा कबुतरं एकाच जागी तीन-चार दिसली तर हात न लावता महानगरपालिकेला कळवा. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात मेलेल्या पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळला होता. एकटंदुकटं मेलेलं कबुतर असेल तर हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधा, जागेवर ब्लीचचं द्रावण मारा आणि हात साबणाने धुवा.

जाळी लावल्यावर देखभाल काय?

वर्षातून दोनदा: मे महिन्यात आणि गणपतीनंतर. हुक हाताने हलवून पाहा, टर्नबकल एक-दोन वेढे आवळा, कोपऱ्यांत दोरा पांढरा आणि कुरकुरीत झाला आहे का बघा. जाळीचा एखादा चौकोन तुटला असेल तर त्याच दिवशी नायलॉनच्या दोऱ्याने नव्हे, एचडीपीई दोऱ्याने शिवा. कपडे वाळत घालायची दोरी जाळीच्या तारेला बांधू नका. ओल्या चादरीच्या ओझ्याने खालचे हुक सैल होतात. आणि ही जाळी पक्ष्यांसाठी आहे, लहान मुलांचं वजन पेलण्यासाठी नाही. त्यासाठी वेगळी सेफ्टी नेट असते, तिचा धागा, हुक आणि ताण सगळंच वेगळं.